पंप पाठीवर घेणारा माणूस

१९३६ सालच्या डिसेंबर महिन्यात युरोपात तेरा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १० डिसेंबरला स्टॉकहोम येथे ओटो लोवी आणि हेन्री डेल या दोघा शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. मज्जातंतूतून आलेला संदेश पुढच्या पेशीपर्यंत एका रसायनाच्या द्वारे पोचतो, हे त्यांनी सिद्ध केले होते. २३ डिसेंबरला जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे, आय. जी. फार्बेन या बलाढ्य कंपनीच्या प्रयोगशाळेत, गेरहार्ड श्राडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक नवे संयुग तयार केले. त्याला पिकावरची कीड मारणारे प्रभावी रसायन हवे होते. या दोन घटनांमधील नाते उलगडायला पुढे काही वर्षे जावी लागली. आज मात्र कपाशीच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुराच्या शरीरात त्या दोन्ही एकत्र येतात.

शेतमजुराच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा सबंध इतिहास सांगण्याचा आमचा विचार नाही. मळणीयंत्रात सापडलेला हात, सर्पदंश, भर उन्हातले श्रम, उसाच्या मोळ्या वाहून मोडलेली पाठ, असे प्रत्येक प्रकरण स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आम्ही येथे एकच धागा हाती घेतला आहे. तो म्हणजे सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आणि ती फवारणारा माणूस. या विषांबाबत माणसे अज्ञानामुळे मेली असे सहसा सांगितले जाते. पण इतिहास पाहिला तर ज्ञान फार आधीपासून होते, पुढे नियमही झाले. ते नियम करताना नजरेसमोर कोण होते आणि कोण नव्हते, हे पाहण्यासारखे आहे.

दोन बेडकांची हृदये

प्रथम थोडे शरीरशास्त्र. लोवी यांचा १९२१ सालचा प्रयोग अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सहज समजेल इतका साधा आहे. त्यांनी दोन बेडकांची हृदये क्षारयुक्त द्रावणात धडधडत ठेवली. एका हृदयाला जोडलेला व्हेगस हा मज्जातंतू उद्दीपित केला, तेव्हा त्या हृदयाचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचे द्रावण काढून दुसऱ्या हृदयावर घातले. त्याच्या मज्जातंतूला कोणी हातही लावला नव्हता, तरी त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे मज्जातंतूच्या टोकातून काहीतरी पदार्थ द्रावणात उतरला होता. तो पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलीन.

आता दारावरच्या विजेच्या घंटेची कल्पना करा. बटण दाबले की घंटा वाजते आणि बोट काढले की थांबते. ॲसिटिलकोलीन हे बटण दाबणारे बोट आहे. स्नायू आखडणे, लाळ सुटणे, घाम येणे, डोळ्याची बाहुली लहान होणे, अशा अनेक घंटा त्याने वाजतात. पण बोट वेळेवर काढलेही पाहिजे. ते काम ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर करते. त्याचा एक रेणू एका सेकंदात ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू फोडतो. आपल्या शरीरातील सर्वांत वेगवान विकरांपैकी हे एक आहे.

श्राडरच्या संयुगाचा रेणू नेमका याच विकराला जाऊन चिकटतो आणि त्याला निकामी करतो. मग बोट बटणावर दाबलेलेच राहते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, छातीत पाणी साचल्यासारखी घरघर लागते, स्नायू प्रथम फडफडतात आणि मग लुळे पडतात. मरण येते ते बहुधा श्वास थांबून. किड्याच्या मज्जासंस्थेतही हीच व्यवस्था असल्यामुळे कीड मरते. किड्यात आणि माणसात या विषापुरता फरक मुख्यतः मात्रेचा.

याचा पहिला अनुभव खुद्द श्राडरलाच आला. जानेवारी १९३७ मध्ये प्रयोगशाळेत या संयुगाचा थेंब सांडला. श्राडरला आणि त्याच्या सहायकाला दिव्याचा प्रकाश अंधूक वाटू लागला, श्वास घेणे जड झाले. दोघांना पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. हेच संयुग पुढे ‘टॅबून’ या नावाने जर्मन लष्कराच्या ताब्यात गेले आणि युद्धात वापरावयाच्या विषारी वायूंचे एक नवे कुळ जन्माला आले. श्राडर मात्र कीटकनाशकाच्या शोधात राहिला आणि १९४४ साली त्याने पॅराथिऑन तयार केले. महायुद्ध संपल्यावर ते जगभरच्या शेतांत पोचले. पिकावर पहिला फवारा उडण्याच्या कितीतरी आधी, त्याच्या कुळातले विष माणसाला काय करते हे ते बनवणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी, अगदी शब्दशः डोळ्यांनी, अनुभवले होते.

फळ खाणारा आणि फळ तोडणारा

पॅराथिऑनच्या विषबाधेचा अभ्यास प्रथम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाला. तेथे १९५० नंतरच्या दशकात फळबागांतून आणि भाजीपाल्याच्या मळ्यांतून मजुरांचे गटचे गट एकाच वेळी आजारी पडू लागले. त्यांतले बरेच जण फवारणी करणारे नव्हते. फवारणी होऊन काही दिवस उलटल्यावर फळे तोडायला किंवा विरळणी करायला गेलेले हे लोक होते. १९५८ साली अशा घटना एकत्र करून वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाल्या. १९६३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील पीच तोडणाऱ्या नव्वदहून अधिक मजुरांना अशीच बाधा झाली.

येथे एक बारीक मुद्दा आहे. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यावेत याचे नियम तेव्हाही होते. पण ते ठरवताना फळावर किती अंश उरतो हे पाहिले जाई, कारण फळ ग्राहकाच्या पोटात जाणार होते. तोडणारा मजूर फळ खात नाही. तो दिवसभर पानांत हात घालतो, फांद्यांना अंग घासतो, पानांवरची धूळ अंगावर घेतो. कोरड्या हवेत पानांवरच्या पॅराथिऑनचे काही प्रमाणात पॅराऑक्सॉन बनते आणि ते मूळ विषापेक्षाही जहाल असते. खाणाऱ्यासाठी आखलेला नियम काटेकोर पाळूनही तोडणारा आजारी पडू शकत होता. मजुराला डोळ्यांपुढे ठेवून ‘फवारलेल्या बागेत इतके दिवस शिरू नये’ असा वेगळा नियम कॅलिफोर्नियात व्हायला १९७१ साल उजाडले.

विष शरीरात जाते कोणत्या वाटेने, हाही प्रश्न तोपर्यंत सुटला होता. आपल्याला सहज वाटते की फवाऱ्याचे तुषार नाकातोंडातून जात असतील, म्हणून नाकाला फडके बांधले की झाले. अमेरिकेतील डरहॅम आणि वुल्फ या संशोधकांनी फवारणाऱ्यांच्या कपड्यांवर आणि अंगावर ठिकठिकाणी शोषक तुकडे चिकटवले, श्वासावाटे जाणाऱ्या हवेचे नमुने घेतले आणि दोन्हींवरचे विष मोजले. १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्यांनी ही मोजमापाची पद्धत मांडली. त्वचेवर पडणारे विष श्वासावाटे जाणाऱ्या विषाच्या कितीतरी पट निघाले. त्यानंतर माइबाख आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर पॅराथिऑनची अत्यल्प मात्रा लावून, शरीराच्या कोणत्या भागातून ते किती शोषले जाते हे तपासले. मनगटाकडच्या हाताच्या त्वचेतून साधारण ९ टक्के, डोक्याच्या त्वचेतून ३२ टक्के, काखेतून ६४ टक्के आणि जांघेजवळच्या नाजूक त्वचेतून जवळजवळ सगळेच्या सगळे. ही आकडेवारी १९७१ ची आहे. ज्या विषाचा पंप गळून पाठीवरून खाली ओघळतो, त्याच्या संदर्भात हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

याच काळातली एक विसंगती इतिहासाच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. १९६२ साली रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. त्यानंतर उठलेल्या जनमतातून १९७२ साली अमेरिकेत डीडीटीचा शेतीतील वापर थांबला. डीडीटी वर्षानुवर्षे टिकते, अन्नसाखळीतून वर सरकते, पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ करते, म्हणून ते जाणे योग्यच होते. पण त्याची जागा पुष्कळ ठिकाणी फॉस्फरसयुक्त विषांनी घेतली. ही लवकर विघटित होतात, म्हणून पक्ष्यांना आणि ग्राहकांना तुलनेने बरी. मात्र फवारताना ती हाताळणाऱ्याला ती डीडीटीपेक्षा अनेक पटींनी घातक. कार्सनबाईंनी मजुरांच्या विषबाधेचाही उल्लेख केला होता. लोकांच्या लक्षात पक्षी राहिले. द्राक्षबागांतील मजुरांच्या दीर्घ संपानंतर सेझार चावेझ यांच्या संघटनेने १९७० साली बागमालकांशी जे करार केले, त्यांत मजुरीच्या दराबरोबर कीटकनाशकांवरील बंधनेही होती. मजूर स्वतः वाटाघाटीला बसल्यावर हे कलम आले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

केरळ १९५८ आणि कलम ३८

आपल्याकडे कायदा कसा झाला? येथेही सुरुवात खाणाऱ्यापासूनच झाली. १९५८ साली केरळमध्ये शंभरहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. ‘फॉलिडॉल’ या नावाने विकले जाणारे पॅराथिऑन जहाजातून येताना खाद्यमालाच्या सान्निध्यात सांडले होते, आणि तो गव्हाचा व साखरेचा माल लोकांच्या घरी पोचला. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला. पुढे तज्ज्ञांची समितीही बसली. या सगळ्याचे फलित म्हणजे कीटकनाशक कायदा, १९६८. त्याचे नियम १९७१ मध्ये झाले.

नियम वाचले तर ते काळाच्या मानाने चांगले आहेत, असे आमचे मत आहे. प्रत्येक डब्यावर तिरपा चौकोन हवा आणि त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग हवा. रंग ठरतो विषाच्या तीव्रतेवरून. प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारणारी मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला किती मिलिग्रॅम, ते यासाठी पाहतात. तोंडावाटे ही मात्रा १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. लाल त्रिकोणावर कवटी आणि हाडांचे चिन्हही असते. जाता जाता एक सुचवावेसे वाटते. वाहतुकीच्या दिव्यांमुळे आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटावरील हिरव्या ठिपक्यामुळे मुलांच्या मनात हिरवा म्हणजे निर्धोक असे बसलेले असते. या चौकोनात हिरव्याचा अर्थ ‘जपून’ एवढाच आहे, आणि निळ्याचा अर्थ ‘धोका’ आहे. हा निळा कोणालाही आपण होऊन उमजणार नाही.

याच नियमांत टोपडे, रबरी हातमोजे, चश्मा, बूट यांची तरतूद आहे. वैद्यकीय तपासणीचीही आहे. कीटकनाशके तयार करताना ती हाताळणाऱ्यांची नोकरीपूर्वी आणि पुढे ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी, आणि फॉस्फरसयुक्त विषांशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील कोलीनएस्टरेजचे प्रमाण दरमहा मोजावे, असे नियम ३७ सांगतो. दरमहा मोजण्याचे कारण असे, की हे विकर हळूहळू कमी होत असेल तर लक्षणे दिसण्यापूर्वीच ते कळते आणि माणसाला कामावरून दूर ठेवता येते. अशी देखरेख शेतातील फवारणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियाने १९७४ साली सुरू केली.

मग आपल्या शेतातील फवारणाऱ्याचे काय? कायद्याच्या शीर्षटिपणीत ‘वापर’ हा शब्द आहे. आयात, उत्पादन, विक्री, वाहतूक, वितरण आणि वापर यांचे नियमन करून मनुष्य व प्राण्यांचा धोका टाळणे, असा त्याचा हेतू सांगितला आहे. पण शेवटी कलम ३८ येते. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरले तर या कायद्यातील काहीही लागू होणार नाही, असे ते कलम म्हणते.

या कलमामागचा विचार समजू शकतो. लाखो छोट्या शेतकऱ्यांमागे निरीक्षक लावणे शक्य नव्हते, इष्टही नव्हते, आणि शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा कोणीच केला नसता. परंतु परिणाम असा झाला की विष कारखान्यात असताना, गोदामात असताना, दुकानाच्या फळीवर असताना कायदा त्याच्याबरोबर चालतो आणि शेताच्या धुऱ्यावर येऊन थांबतो. देशातील बहुतेक सगळे विष वापरले जाते ते धुऱ्याच्या पलीकडे. तेथे शेतकरी स्वतः फवारतो किंवा रोजाने माणूस लावतो. त्या माणसाची दरमहा रक्ततपासणी कोणी करावी, याचे उत्तर कायद्यात नाही.

पुढच्या घटनाही याच वळणाने गेल्या. १९८४ साली भोपाळला जो कारखाना होता, तो कार्बारिल हे कीटकनाशक बनवत असे. कार्बारिल गटाने वेगळे असले तरी तेही याच विकराला बांधते. त्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घातले गेले. ते कारखान्यातील कामगारांसाठी आणि आसपासच्या वस्तीसाठी होते, आणि आवश्यकच होते. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस मिसळले जाऊन २३ मुले गेली. देश हादरला आणि शाळेतील धान्य व तेल कोठे ठेवावे यावर सर्वत्र चर्चा झाली. खाणारा आणि शेजारी राहणारा यांच्यासाठी समाज जागा होतो, हे या दोन्ही वेळी दिसले.

शेतमजुरासाठी केंद्राने कायदा केलाच नाही, असे मात्र नाही. हरितक्रांतीनंतर उत्तरेत मळणीयंत्रांत हात तुटण्याचे प्रकार वाढले, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. त्यात यंत्राच्या बनावटीवर बंधने आहेत आणि जखमी झालेल्याला भरपाईची तरतूद आहे. तुटलेला हात सगळ्यांना दिसतो, कोणत्या यंत्राने तुटला हेही दिसते. निकामी झालेले विकर दिसत नाही. मजूर सांजवेळी घरी येतो, डोके दुखते, मळमळते, नजर धूसर होते. ‘ऊन लागलं’ असे म्हणून तो पडून राहतो.

‘औषध’ या शब्दाविषयी

मराठी शेतकरी पिकावर विष फवारत नाही, ‘औषध’ फवारतो. ‘औषध मारलं का?’ हाच प्रश्न गावोगाव ऐकू येतो. दुकानदारही तेच म्हणतो. कीड हा रोग आणि त्यावर हे औषध, असा विचार त्यामागे असावा. शब्दाने सगळे घडते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु औषध म्हटल्यावर जी सवय लागते, ती पाहा. गुण आला नाही तर मात्रा वाढवावी, एकाने भागले नाही तर दोन एकत्र द्यावीत. पंपात दोन-तीन प्रकारची कीटकनाशके, वर पिकवाढीचे द्रव, असे मिश्रण ढवळणे ही नित्याची गोष्ट झाली. मग दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की काय फवारत होता, तर नेमके उत्तर मिळत नाही.

पाठीवरच्या पंपात पंधरा-सोळा लिटर द्रव मावतो. तो भरायला पाणी वाहून आणायचे, विष मोजून ओतायचे, काडीने ढवळायचे आणि निघायचे. पुष्कळ भागांत मजुरी पंपामागे ठरते. जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, त्यामुळे घाई. झाकण सैल असेल तर प्रत्येक पावलाला पाठीवर ओल येते. तोंडाला बांधलेला दुपट्टा आणि अंगातला सदरा एकदा भिजला की तो संरक्षण करत नाही. विषाची पट्टी बांधल्यासारखा तो दिवसभर त्वचेला लागून राहतो.

रबरी हातमोजे आणि अंगभर कोट का घालत नाहीत, असा सवाल शहरात हटकून विचारला जातो. भाद्रपद-आश्विनातल्या उन्हात असा पोशाख घालून सोळा किलोचे ओझे वाहत चार तास चालून पाहावे, मग तो विचारावा. आमचे हे म्हणणे भावनेपोटी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कीटकनाशकांसंबंधी १९८५ साली एक आचारसंहिता स्वीकारली. जी विषे हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारा संरक्षक पोशाख लागतो, ती उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरण्याचे टाळावे, असे तिच्यात म्हटले आहे. म्हणजे पोशाख घालवत नसेल तर विष बदलावे. सुरक्षाविज्ञानातही हाच क्रम मानला जातो. आधी धोका काढून टाका, नाही जमले तर त्याच्या जागी कमी धोक्याचे काही आणा. माणसाला चिलखत चढवणे हा शेवटचा उपाय. आपल्या प्रशिक्षणवर्गांत बहुधा याच शेवटच्या उपायाचे चित्र पहिल्या पानावर असते.

बायकांचा उल्लेख येथे वेगळा करायला हवा. पंप बहुतेक पुरुषांच्या पाठीवर असतो. पंपासाठी पाणी आणणे, फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदणाला जाणे आणि पुढे कापूस वेचणे ही कामे बायका करतात. विषाने भिजलेले कपडेही त्याच धुतात. पीच तोडणाऱ्या मजुरांवर जो प्रसंग आला, त्याच्या जवळचे काम आपल्याकडे त्यांचे आहे. फवारलेल्या शेतावर ‘इतके दिवस शिरू नये’ अशी पाटी आपण क्वचितच पाहतो.

यवतमाळ, २०१७

२०१७ च्या जुलै ते नोव्हेंबर या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात आठशेहून अधिक शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले. वीसहून अधिक दगावले. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतूनही मृत्यूंच्या बातम्या आल्या. कारणे अनेक सांगितली गेली आणि त्यांतली बरीचशी खरी होती. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला दाद देणे थांबवले होते, त्यामुळे फवाऱ्यांची संख्या वाढली. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. गुडघ्याइतक्या पिकावर फवारा खाली पडतो, डोक्याइतक्या पिकावर तो वर उडवावा लागतो आणि डोक्या-तोंडावर परत येतो. ३२ टक्क्यांचा तो आकडा येथे आठवावा. बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणारे पंप बारीक तुषार मोठ्या वेगाने सोडत होते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल अशी अनेक नावे पुढे आली. त्यांतली पहिली दोन फॉस्फरसयुक्त आहेत. उरलेल्या दोहोंना मारक असा खास उतारा वैद्यकाकडे नाही, रुग्णाला सावरत राहणे एवढेच करता येते.

फॉस्फरसयुक्त विषावर मात्र उतारे आहेत. ॲट्रोपिन हे बेलाडोना या वनस्पतीतून मिळणारे जुने औषध. आपल्या धोतऱ्यातही त्याच वर्गातले अल्कलॉइड असतात, अर्थात धोतरा हा घरगुती उपाय नव्हे, ते स्वतःच एक विष आहे. ॲट्रोपिन बटणावर झाकण ठेवते, म्हणजे बोट दाबले तरी घंटा वाजत नाही. लाळ आणि छातीतली घरघर त्याने आटोक्यात येते, लुळे पडलेले स्नायू मात्र नाही. दुसरा उतारा पॅम. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत आयर्विन विल्सन यांनी विकराला चिकटलेले विष सोडवणारा हा रेणू शोधला. त्याला वेळेचे बंधन आहे. काही काळाने विष विकराशी असे पक्के बांधले जाते की पॅमचा काही उपयोग होत नाही. किती वेळात, ते विषागणिक वेगळे. म्हणून शेतातून रुग्णालयात पोचायला लागणारा वेळ आणि विष कोणते होते हे समजणे, या दोन गोष्टींवर जीव अवलंबून असतो. कपडे काढून साबणाने अंग धुणे आणि विषाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद डॉक्टरांकडे नेणे, ही दोन कामे शेतातील कोणीही करू शकतो.

राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले. पाच प्रकारच्या कीटकनाशकांच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी आली. त्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी कोलीनएस्टरेजच्या रक्ततपासणीची सोय नव्हती, हेही उघड झाले. नियम ३७ ने कारखान्यातील कामगारासाठी दरमहा सांगितलेली ही तपासणी, १९७१ पासूनची. तिच्याबाबत एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे. निरोगी माणसांतही या विकराचे प्रमाण माणसागणिक बरेच वेगळे असते. त्यामुळे आजारी पडल्यावर एकदा मोजून नेमका निष्कर्ष काढणे कठीण जाते. प्रत्येकाचे मूळ प्रमाण फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे आपल्याकडे मृगाच्या सुमारास, मोजून नोंदवले तरच पुढचा आकडा काही सांगू शकतो.

मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रवरूपावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला.

भरपाईचा विषय उरतो. २०१७ मधील मृतांच्या कुटुंबांना राज्य सरकारने दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. ती त्या प्रसंगापुरती होती. कायमस्वरूपी म्हणता येईल अशी तरतूद राज्याच्या शेतकरी अपघात विमा योजनेत होती. २०१५ पासून ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालली. अपघातांच्या तिच्या यादीत वीज पडणे, सर्पदंश यांच्या जोडीला ‘जंतुनाशके हाताळताना होणारी विषबाधा’ स्पष्ट शब्दांत होती. म्हणजे फवारणाऱ्याचा मृत्यू सरकारी कागदावर अपघात म्हणून मान्य झालेला होता. लाभासाठी अट एवढीच होती की मृताचे नाव सातबाऱ्यावर वहितीदार खातेदार म्हणून असावे. २०१९ मध्ये खातेदाराच्या कुटुंबातील आणखी एका व्यक्तीला योजनेत घेतले गेले. दुसऱ्याच्या शेतात पंपामागे मजुरी ठरवून फवारणाऱ्या भूमिहीन माणसाचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नसते.